पान मांडणारे आणि पानावर बसणारे

धाराशिवच्या आमच्या घरी नवरात्रात माणसांची दाटी असते. पुणे, सोलापूर, हैदराबाद अशा ठिकाणी पांगलेली मंडळी घटस्थापनेपूर्वी येऊन पोचतात. तुळजापुरास पायी जाणारे यात्रेकरू ओसरीवर टेकून पाणी पितात. आणि रात्री जेवणे आटोपली म्हणजे माजघरात साऱ्या वर्षाचे वाद निघतात. यंदा असा एक वाद एका तिकिटावरून निघाला. तो घरगुती खरा, परंतु कलेची आवड असलेल्या कोणत्याही घराने विचार करावा असे त्यात काही आहे, म्हणून वाचकांपुढे मांडतो.

आमच्या दादांचा मुलगा पुण्यास नोकरीस आहे. त्यास ‘मेटल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाश्चात्त्य संगीताचा नाद आहे. या संगीताचा एक लहानसा जलसा गेली काही वर्षे भरत असतो. यंदा तो भरतो की नाही अशी शंका उत्पन्न होताच या मुलाने चार महिने आधी तिकीट काढले. मौज अशी की, जलशाच्या दिवशी त्यास कचेरीच्या कामासाठी परगावी जावयाचे आहे, आणि हे ठाऊक असून त्याने ते काढले! दादा निवृत्त मुख्याध्यापक, हिशेबाचे कडक. ते म्हणाले, “जे गाणे ऐकावयाचे नाही त्याचे पैसे भरणे यास उधळपट्टी म्हणतात. आणि ते गाणे तरी कसले? पत्र्याच्या दुकानात मांजर शिरावे तसे!”

मुलगा शांतपणे म्हणाला, “बाबा, मी माझ्या ऐकण्याचे पैसे दिलेले नाहीत; जलसा भरावा म्हणून दिले आहेत. आम्ही ऐकणारे मुळात थोडे. प्रत्येकाने ‘आयत्या वेळी पाहू’ म्हटले, तर पुढल्या वर्षी पाहावयास काही उरणार नाही.”

हे उत्तर मला पटले आणि टोचलेही. का टोचले ते पुढे येईल. प्रथम ज्या संगीतावरून हा वाद झाला त्याची थोडी माहिती देणे अवश्य आहे; कारण आपल्यापैकी बहुतेकांनी ते दुरून आणि बंद दारामागूनच ऐकले असेल.

इंग्लंडातील बर्मिंगहॅम हे कारखान्यांचे शहर. तेथील टोनी आयोमी नावाच्या तरुणाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली सापडून तुटली. तो डावखुरा असल्याने गिटारीच्या तारा दाबावयाची बोटे नेमकी हीच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांस टोपणे केली, हलक्या तारा लावल्या, आणि पुढे त्या सैल करून वाद्य खालच्या स्वरात मिळविले. त्यातून जो जड, खर्जातला आवाज निघाला तो १९६८ साली स्थापन झालेल्या ‘ब्लॅक सॅबथ’ या मंडळीचा विशेष ठरला. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका १९७० साली निघाली आणि तेथून मेटलचा प्रवाह सुरू झाला असे सामान्यतः मानतात. ज्या संगीताला आपण पत्र्याचा खडखडाट म्हणतो त्याचा जन्म खरोखरच पत्र्याच्या कारखान्यातील एका अपघाताशी जोडलेला आहे. हे ऐकून दादाही क्षणभर गप्प झाले.

आता असे जलसे बंद का पडतात ते पाहू. समजा, खर्च पाच लक्ष रुपये आणि येणारे श्रोते पाचशे. म्हणजे दर माणशी एक हजार पडले. वाजविणाऱ्यांचा विसार, त्यांचा प्रवासखर्च, ध्वनिक्षेपकांचे भाडे, पोलिसांचा व अग्निशामक दलाचा परवाना या साऱ्यांस पैसा महिनोन्‌महिने आधी लागतो. श्रोता मात्र आदल्या आठवड्यात जागा होतो. पाचशेपैकी शंभर ओळखीने फुकट पास मागतात. शंभर जण पावसाचा रंग पाहून घरीच बसतात. उरले तीनशे. दोन लक्षांची तूट चालकाने स्वतःच्या खिशातून एकदा भरली, दोनदा भरली. तिसऱ्यांदा तो हात जोडतो. यात कोणी दुष्ट नाही. प्रत्येकाने केवळ दुसऱ्यावर भरवसा ठेवला, एवढेच. चार महिने आधी काढलेले तिकीट म्हणजे श्रोत्याने चालकास दिलेले बिनव्याजी कर्जच होय.

आपल्या मुंबईतच याचे उदाहरण आहे. फरहाद वाडिया यांनी १९८६ साली ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा रॉक व मेटल संगीताचा वार्षिक उत्सव सुरू केला. धोबी तलावाजवळील ‘रंगभवन’ हे खुले नाट्यगृह त्याचे माहेरघर. पुढे २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांभोवती शंभर मीटरपर्यंत शांतताक्षेत्र ठरले, आणि रंगभवनाचे दार अशा जलशांस मिटले. उत्सव जागा बदलीत चालला. २०१३ नंतर तो थांबला. २०२२ साली पुन्हा भरला. मधल्या नऊ वर्षांत त्याची आठवण ज्यांनी जागती ठेवली ते त्याचे श्रोतेच होत. आठवण काढणारे कोणी उरले नसते, तर पुनरारंभ कोणासाठी करावयाचा?

जर्मनीतील वाकन या सुमारे दोन हजार वस्तीच्या खेड्यात १९९० साली दोघा मित्रांनी असाच जलसा मांडला. पहिल्या वर्षी सहा मंडळ्या आणि आठशेच्या आसपास श्रोते. आज तेथे ऐंशी हजारांवर लोक जमतात. २०२० व २०२१ साली साथीमुळे तो होऊ शकला नाही. तेव्हा तिकिटे पुढील वर्षांवर ढकलण्यात आली, आणि असंख्य श्रोत्यांनी पैसे परत न मागता ती २०२२ पर्यंत सांभाळून ठेवली. गावकऱ्यांचाही त्यात हात असतो. शेतकरी आपली शेते देतात, चिखलात रुतलेल्या गाड्या ट्रॅक्टरने ओढून काढतात, आणि गावच्या अग्निशामक दलाचे वाद्यपथक आरंभी वाजविते. त्या दलातील प्रत्येकास मेटल आवडत असेल असे थोडेच आहे! उत्सव आपल्या गावचा, ही भावना पुरेशी आहे.

येथे एखादी वाचकभगिनी म्हणेल, “हे परक्यांचे झाले; आपला त्याच्याशी काय संबंध?” संबंध पुष्कळ आहे. दीडशे वर्षांपूर्वी आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांस रागदारीविषयी असाच तिटकारा होता. गाणे हे राजवाड्यात नाही तर कोठीवर. सभ्य गृहस्थाने त्या वाटेस जाऊ नये, अशी समजूत होती. ती मोडली ती केवळ गवयांनी नव्हे. १८७४ साली पुण्यात गायन समाज निघाला; १८८३ साली कोल्हापुरात, पुढे देवल क्लब म्हणून प्रसिद्धी पावलेला समाज निघाला. संस्थानिकांचा आश्रय आटत चालला तेव्हा अशा समाजांनी गाण्यास नवे घर दिले. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढून गाण्यास शाळेची प्रतिष्ठा दिली. हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, आणि त्यांच्यासारख्यांमुळे घरंदाज स्त्रिया निःसंकोचपणे श्रोत्यांत बसू लागल्या. भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली पुण्यात आरंभिलेला सवाई गंधर्व महोत्सव आज सर्वांस ठाऊक आहे. परंतु ज्या ध्वनिनियमांनी रंगभवन मिटले, त्याच नियमांनी त्या महोत्सवाच्या रात्र रात्र चालणाऱ्या बैठकीही संपविल्या, हे आपण विसरतो. कायद्याच्या काट्यापुढे मारवा आणि मेटल यांत भेद नाही.

आणि धाराशिवकरांस तर हे शिकवावयास नको. तुळजाभवानीच्या सीमोल्लंघनाची पालखी अहिल्यानगरजवळच्या बुऱ्हाणनगराहून येते, पलंग घोडेगावाहून येतो. इतक्या दूरची माणसे वर्षानुवर्षे आपला वाटा उचलतात म्हणून तो सोहळा उभा आहे. गोरोबाकाकांच्या तेरापासून लहानशा वाडीपर्यंत हरिनाम सप्ताह होतात. सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवावयाची नसते. ती या हातातून त्या हातात जाते. कीर्तनास गाव लोटतो, परंतु पहाटे दोनच्या पहाऱ्यास वीणा घेऊन उभा असणाऱ्याकडे कोण पाहतो? त्याचा गळाही बहुधा बेताचाच असतो. तरी सप्ताह अखंड राहतो तो त्याच्यामुळे.

आता माझ्या टोचणीविषयी. सुमारे वीस वर्षांपूर्वी आमच्या गावात तीस घरांनी मिळून गाण्याची मासिक बैठक चालविली होती. एका स्नेह्याच्या वाड्यात सतरंज्या पडत. सोलापूर, लातूर, अंबाजोगाई इकडून तरुण गाणारे येत. खजिनदार दादा, आलेल्या कलावंतांचे जेवणखाण वहिनींकडे. मी एकही बैठक चुकविली नाही, आणि गाण्यावर मतेही पुष्कळ दिली. वर्गणी मात्र शेवटची दोन वर्षे दिली नाही. मुद्दाम चुकविली असे नव्हे. खजिनदार घरचाच, देऊ सावकाश, असे म्हणत राहिलो. सख्ख्या भावाकडे तगादा कसा लावावा म्हणून दादाही बोलले नाहीत. आणि भावाकडे मागत नाहीत तर परक्याकडे कोणत्या तोंडाने मागणार? तीस घरांची अकरा घरे झाली. बैठक बंद झाल्याचे कोणी जाहीरही केले नाही. एका महिन्यात सतरंजी पडली नाही, पुढल्या महिन्यातही नाही, आणि मग आम्ही ‘गावात आता रसिकता राहिली नाही’ असे म्हणू लागलो.

मी हे त्या रात्री सर्वांसमक्ष बोललो. वहिनी परातीत फुलवाती वळीत बसल्या होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, “भावोजी, त्या बैठकीत पानावर बसणारे पुष्कळ होते, पान मांडणारे उरले नाहीत. या पोराने स्वतः न जेवता पान मांडले आहे. त्यास उधळपट्टी म्हणावयाचे असेल तर खुशाल म्हणा.”

दादा उठून आत गेले आणि कपाटातून जुनी वही घेऊन आले. चष्मा पुसून त्यांनी माझ्या नावाचे पान काढले. “चोवीस बैठकींची बाकी आहे,” ते म्हणाले. रागाने नव्हे; शाळेत हजेरी घ्यावी तसे. मी पैसे देऊ केले. त्यांनी वही मिटली. “कोणास देतोस? ज्या समाजाचे देणे होते तो समाजच राहिला नाही.”

वाचकहो, माणसाचे कर्ज त्याच्या मुलाबाळांस तरी फेडता येते. बंद पडलेल्या बैठकीचे देणे कोणासच फेडता येत नाही. त्या रात्री मला याची जेवढी लाज वाटली तेवढी पूर्वी कधी वाटली नव्हती.

तिकिटाचा निकाल दादांनीच लावला. “तू जाणार नाहीस तर ज्यास परवडत नाही अशा एखाद्या विद्यार्थ्यास ते दे. खुर्ची रिकामी राहू नये. आणि त्यास कानात बोळे घालावयास सांग.” यातला शेवटचा उपदेश थट्टेवारी नेऊ नये. पंच्याऐंशी डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत सोसवतो असे मानतात. शंभर डेसिबलला ती मुदत पाव तासावर येते, आणि असे जलसे त्या पातळीस सहज पोचतात. कानांस लावावयाची चांगली बोंडे मिळतात; ती लावल्याने गाणे कमी होत नाही, इजा तेवढी टळते. घरातील तरुणांस जाऊ नका म्हणण्यापेक्षा हे सांगणे अधिक उपयोगाचे.

तो जलसा अद्याप व्हावयाचा आहे. भरेल की नाही हे लिहितेवेळी सांगता येत नाही. आमच्याकडे मात्र दसऱ्यास नवी वही घातली आहे. बैठक दोन महिन्यांतून एकदा. वर्गणी वर्षाची, आगाऊ. फुकट पास कोणासही नाही, खजिनदाराच्या भावास तर नाहीच. पहिल्या पानावर आजवर नऊ नावे आहेत. नववे नाव पुतण्याचे. त्यास मारवा आणि मालकंस यांतला फरक कळत नाही, आणि बैठकीस येणे त्यास जमणारही नाही. परंतु पुण्यास परतण्यापूर्वी सर्वांआधी पूर्ण वर्षाची वर्गणी त्यानेच भरली.

आपल्या गावी गाण्याची, नाटकाची, वाचनाची जी कोणती लहान संस्था अजून तग धरून असेल, तिच्या वहीत आपले नाव कोठपर्यंत भरलेले आहे हे वाचकांनी एकदा पाहून घ्यावे. बाकी असेल, तर ती घेणारा आहे तोवरच चुकती करावी.