दिवसांचे माप

आमचे किराणा मालाचे दुकान आहे. मी आठ वर्षांचा असताना आजोबांनी मला गल्ल्याशेजारी बसवले आणि पहिला धडा दिला तो असा : माप लहान असो वा मोठे, सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरे असता कामा नये. पिशवी उचलताना कानडी गिऱ्हाईक विचारते, "लेक्क सरी ऐतेनु?" म्हणजे, हिशेब बरोबर आहे ना? हाच प्रश्न गेल्या वर्षी मला एका वेगळ्या हिशेबाबद्दल पडला.

माझा चुलतभाऊ कॅनडात आहे. आम्ही त्याला दादा म्हणतो. आजीचे खुब्याचे हाड मोडले तेव्हा तो आला, २३ दिवस राहिला आणि परत गेला. त्यानंतर सव्वा महिन्याने आजी गेली. तेराव्याला घरात एकच बोलणे चालले होते : "पोराला आजीपेक्षा दिवस प्यारे झाले!" इथल्या मुक्कामात तो डायरीत दिवसांचा हिशेब लिहीत असे, हे सर्वांनी पाहिले होते. काका तर म्हणाले, "माणसाचे दिवस मोजतो तो कसला कायदा?" त्या वेळी मलाही ते पटले. पण वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्याने मी ठरवले, की शिव्या देण्यापूर्वी खाते उघडून पाहावे.

दादा तिथला कायम रहिवासी आहे. त्याला तिथे राहता येते, नोकरी करता येते, कर तर भरावाच लागतो. पण मत देता येत नाही आणि तिथला पासपोर्ट मिळत नाही. त्यासाठी नागरिक व्हावे लागते. नागरिकत्वाच्या अर्जापूर्वीच्या पाच वर्षांत १,०९५ दिवस, म्हणजे तीन वर्षे, त्याने प्रत्यक्ष त्या देशात घालवलेली असली पाहिजेत. कराची विवरणपत्रे, भाषा आणि देशाविषयीची परीक्षा या अटी आहेतच. परंतु मुख्य अट दिवसांची.

आता वजाबाकी करा. पाच वर्षांचे दिवस १,८२५ हून थोडे अधिक. त्यांतून १,०९५ गेले, तरी ७३० दिवस उरतात. ते माणसाने कुठेही घालवावेत. आजारी आजीच्या उशाशी घालवावेत किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर. कायदा कारण विचारत नाही. बाहेर काढलेल्या दिवसाला दंड नाही, तो फक्त जमेला धरला जात नाही. दादा आणखी दोन महिने थांबला असता, तर त्याचा अर्ज सुमारे दोन महिने पुढे गेला असता, इतकेच.

मी त्याला फोनवर तसे म्हटले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "रजा संपली होती रे. नोकरी गेली असती. कायद्याचे नाव पुढे केले, की कोणी जास्त विचारत नाही."

तेव्हा पहिली गोष्ट कबूल केली पाहिजे. ज्या कायद्यावर आम्ही खापर फोडले, तो या बाबतीत निर्दोष होता. उलट, दिवस मोजणे हीच प्रामाणिक पद्धत आहे असे माझे मत झाले आहे. कॅनडाच्या १९७७ पासूनच्या कायद्यात चार वर्षांपैकी तीन वर्षांच्या 'वास्तव्या'ची अट होती. पण वास्तव्य म्हणजे काय, हे लिहिलेले नव्हते. १९७८ साली न्यायमूर्ती थर्लो यांच्यासमोर एका विद्यार्थ्याचा खटला आला. तो शिकायला अमेरिकेत गेला होता, पण घर त्याने कॅनडात ठेवले होते. न्यायमूर्तींनी त्याचे वास्तव्य चालूच आहे असे मानले. निकाल उदार होता, यात शंका नाही. परंतु पुढे काही न्यायाधीश माणसाचे घर व नातेसंबंध कुठे आहेत ते पाहू लागले, तर काही म्हणू लागले, की देह तिथे हवा. एकाच तऱ्हेचा अर्ज एकापुढे मंजूर आणि दुसऱ्यापुढे नामंजूर, असे होऊ लागले. मन मोजायला तराजू नसतो. दिवस मात्र मोजता येतात, आणि ते श्रीमंताचे व गरिबाचे सारखेच असतात. २०१४ च्या दुरुस्तीने प्रत्यक्ष हजेरीचेच माप ठरवले, ते योग्यच झाले.

मग माझी तक्रार काय? माझी तक्रार मापाबद्दल नाही, मापाड्याबद्दल आहे.

एक म्हणजे, माप मध्येच बदलले गेले. त्याच २०१४ च्या दुरुस्तीने ही अट सहा वर्षांत १,४६० दिवस अशी वाढवली, आणि ती जून २०१५ पासून लागू झाली. कायम रहिवासी होण्यापूर्वीचे दिवस शून्य धरले गेले. ऑक्टोबर २०१७ मध्ये पुन्हा १,०९५ दिवस आले. ज्यांचे दिवस भरत आले होते आणि जून २०१५ च्या आत अर्ज करणे ज्यांना जमले नाही, त्यांच्यापुढची वाट अचानक लांबली. भाव ठरल्यावर शेर बदलणाऱ्या दुकानदाराला आपण काय म्हणतो?

दुसरे म्हणजे, विद्यार्थ्याचा दिवस अर्धा मोजतात. कायम रहिवासी होण्यापूर्वी तात्पुरत्या परवान्यावर काढलेला प्रत्येक दिवस अर्धा धरला जातो, आणि अशी जमा ३६५ दिवसांच्या पुढे जात नाही. दादा दोन वर्षे शिकला, दोन वर्षे परवान्यावर नोकरी केली, मग कायम रहिवासी झाला. चार वर्षांच्या राहण्याची जमा एक वर्ष! त्या चार वर्षांत त्याने भाडे पूर्ण भरले, फी पूर्ण भरली, थंडीही पूर्ण सोसली. डायरी तो का लिहितो, ते मला आता समजले.

यावर कोणी म्हणेल, की विद्यार्थी परत जाण्याच्या बोलीवर येतो, त्याचे दिवस का धरावेत? प्रश्न रास्त आहे. पण जो परत जातो, तो अर्जच करत नाही. जो राहतो, त्याने ते दिवस खरोखर तिथेच काढलेले असतात. ऑस्ट्रेलिया चार वर्षांचे कायदेशीर वास्तव्य मागते. त्यांतले शेवटचे एक वर्ष कायम रहिवासी म्हणून असले की पुरते. म्हणजे परवान्यावरची वर्षे पूर्ण धरणे अशक्य नाही.

परक्या देशाला दोष देताना आपले घरही पाहावे. भारतात देशीयकरणाने नागरिक होऊ इच्छिणाऱ्याला सर्वसाधारणपणे अर्जापूर्वीचे सलग बारा महिने आणि त्याआधीच्या १४ वर्षांत एकूण ११ वर्षे इथे राहावे लागते. एकूण बारा वर्षे झाली. १,०९५ दिवसांना हसणाऱ्या आम्हा मंडळींना हे ठाऊकच नव्हते.

ठाऊक असण्याची गरजही पडली नव्हती. माझे आजोबा एकाच गल्लीत जन्मले आणि आजही तिथेच राहतात. १९५६ साली त्यांचे गाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले, १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले; आजोबांनी घर बदलले नाही आणि या देशात किती दिवस राहिलात, हे त्यांना कोणी विचारले नाही. आपल्याला जे जन्माने मिळाले, ते दुसऱ्याला दिवस मोजून मिळवावे लागते. त्याच्या डायरीला आपण हसू नये.

आपल्या महाविद्यालयातून शिकायला बाहेर जाण्याची तयारी करणारे मित्र पुष्कळ आहेत. त्यांना एवढेच सुचवतो : फी भरण्यापूर्वी त्या देशात तुमचा दिवस पूर्ण धरतात की अर्धा, ते विचारा. पोहोचल्या दिवसापासून हिशेब लिहा. आणि घरचे कोणी आजारी असेल, तर तो हिशेब एकदा नीट मांडून बघा. कदाचित आणखी थोडे थांबता येईल.

हा अंक हाती आला, की हा लेख मी काकांना वाचून दाखवणार आहे. दादाची त्याला हरकत नाही. मी त्याला विचारले आहे.