दयेची साठेबाजी

'होर्डिंग' म्हटलं की आपल्याला चौकातले भाऊ-दादांच्या वाढदिवसाचे फलक आठवतात. पण याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे साठेबाजी. कांद्याची, साखरेची साठेबाजी आपण ऐकलेली असते. मुक्या जनावरांचीही साठेबाजी होते, आणि तीही दयेच्या नावाखाली, हे किती जणांना ठाऊक आहे?

गॅरी पॅट्रोनेक या अमेरिकन पशुवैद्याने १९९९ साली 'ॲनिमल होर्डिंग'वर एक लेख लिहिला. त्यातली व्याख्या थोडक्यात अशी : भरमसाठ प्राणी जमवायचे, त्यांना पुरेसं अन्न, स्वच्छता आणि औषधपाणी द्यायचं नाही, आणि हाल डोळ्यांसमोर दिसत असूनही काही करायचं नाही. असे लोक सगळेच दुष्ट नसतात. काहींच्या हाताबाहेर परिस्थिती गेलेली असते, काही पैशासाठी करतात, आणि काही असतात 'रेस्क्यू'वाले. हा शेवटचा प्रकार सगळ्यात अवघड! कारण तो माणूस खरोखरच रात्री दोन वाजता उठून गटारातलं पिल्लू बाहेर काढतो. त्याला फक्त 'नाही' म्हणता येत नाही.

गेल्या वर्षी आम्ही काही मुलं-मुली तांदळाची पोती घेऊन गावाबाहेरच्या एका शेल्टरला गेलो होतो. नाव मुद्दाम सांगत नाही. पत्र्याची शेड, शेवाळलेली पाण्याची टाकी, खरजेने केस गेलेली कुत्री आणि धडधाकट पिल्लं एकाच पिंजऱ्यात. एकूण किती आहेत असं विचारलं, तर तिथले काका म्हणाले, "मोजायचं कशाला ताई, देवाची लेकरं आहेत." माझ्या मैत्रिणीच्या डोळ्यात पाणी आलं. मला मात्र त्या वाक्याची भीती वाटली. जिवंत किती तेच माहीत नसेल, तर मेलेली कोण मोजणार?

आपण इंजिनिअरिंगवाले, जरा हिशोब करू. आठवड्याला पाच कुत्री आत येतात आणि एक दत्तक जातं असं धरा. वर्षाच्या शेवटी दोनशेच्या वर वाढली! जागा तेवढीच, माणसं तेवढीच. तीन जणांच्या हॉस्टेल रूममध्ये नऊ जण कोंबले तर आपण रेक्टरकडे मोर्चा नेऊ. कुत्री कुठे जाणार? पार्व्हो आणि डिस्टेंपर अशा गर्दीत झपाट्याने पसरतात, आणि पिल्लं आधी जातात.

कोणी म्हणेल, रस्त्यावर मरण्यापेक्षा हे बरं ना? मला नाही पटत. रस्त्यावरचं कुत्रं निदान सावली आणि पाणी शोधू शकतं. पिंजऱ्यात घातल्यावर तेही आपणच द्यायचं असतं. उपाशी ठेवणं, कोंडून ठेवणं हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला १० ते ५० रुपये. लायब्ररीचं पुस्तक उशिरा दिलं तर आपण याहून जास्त भरतो!

आणि हा विषय आता आपल्या गेटपर्यंत आला आहे. ७ नोव्हेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने शाळा-कॉलेजं, हॉस्पिटलं, एस.टी. स्टँड, रेल्वे स्टेशनं इथली भटकी कुत्री उचलून, नसबंदी आणि लसीकरण करून शेल्टरमध्ये ठेवायला सांगितलं. निर्णय बरोबर की चूक यावर कॅन्टीनमध्ये भरपूर भांडून झालं. पण शेल्टर म्हणजे नेमकं काय, हे कोणी विचारलंच नाही.

म्हणून मित्रांनो, पुढच्या डोनेशन ड्राइव्हच्या आधी चार प्रश्न विचारा. जागा किती कुत्र्यांची आहे? गेल्या महिन्यात किती आली, किती दत्तक गेली, किती मेली? डॉक्टर कधी येतात? शेवटच्या पिंजऱ्यापर्यंत आम्हाला जाऊ द्याल का? आणि "सध्या जागा नाही" असं कोणी सांगितलं, तर त्यांना निर्दयी म्हणू नका. आहेत त्यांना नीट जगवायचं म्हणून ते नव्याला नाही म्हणतात, आणि त्याला हिंमत लागते.

ज्या काकांना नाही म्हणता येत नाही, त्यांना शिव्या घालूनही उपयोग नाही. तांदळाबरोबर त्यांना एक दोनशे पानी वही नेऊन द्या, आणि ती भरायला दर रविवारी दोघं जण जा.