खोडरबर बाजूला ठेवा!

धुळ्याहून चाळीसगावला तुमच्यापैकी पुष्कळजण आगगाडीने गेले असतील. चाळीसगावपासून थोड्या अंतरावर, डोंगराच्या कुशीत पाटण हे ठिकाण आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केला, अशी नोंद इ. स. १२०७ च्या शिलालेखात आहे. म्हणजे आपल्या खानदेशात आठशे वर्षांपूर्वी ‘लीलावती’ शिकवली जात होती!

इ. स. ११५० च्या या ग्रंथाच्या शेवटी ‘अंकपाश’ नावाचे प्रकरण आहे. त्यात एक प्रश्न असा : पाच अंकी संख्येत शून्य नाही आणि अंकांची बेरीज १३ आहे, तर अशा संख्या किती? उत्तर आहे ४९५. ते पडताळणे सोपे आहे. तेरा खडे एका ओळीत मांडा. त्यांच्यामध्ये १२ फटी असतात. त्यांपैकी कोणत्याही चार फटींत काडी ठेवली की खड्यांचे पाच गट पडतात. १२ मधून ४ निवडण्याचे प्रकार ४९५.

आता नियम किंचित बदलू. पाचही अंक वेगवेगळे हवेत. किती संख्या उरतील? एकही नाही! कारण १ + २ + ३ + ४ + ५ हीच सर्वांत लहान बेरीज १५ होते. एका शब्दाने ४९५ चे शून्य झाले.

हीच गंमत बाणांच्या सुडोकूत आहे. नऊ बाय नऊच्या चौकटीत प्रत्येक आडव्या ओळीत, उभ्या ओळीत व तीन बाय तीनच्या खणात १ ते ९ हे अंक एकेकदाच येतात. शिवाय काही घरांत वर्तुळ असते व त्यातून बाण निघतो. बाणावरील अंकांची बेरीज वर्तुळातील अंकाएवढी हवी.

समजा, बाण तीन घरांचा असून एकाच ओळीत आहे. मग वर्तुळात ६ पेक्षा लहान अंक येणारच नाही. बाणावरील अंकांचे गट मोजा : ६ साठी १, ७ साठी १, ८ साठी २ आणि ९ साठी ३. एकूण फक्त सात. त्यांपैकी सहांत १ हा अंक आहे! तो बाणावर नसेल, तर तेथे २, ३, ४ असणार आणि वर्तुळात ९. एकही अंक न लिहिता एवढे कळले. चार घरांचा बाण एकाच ओळीत बसतच नाही, कारण बेरीज किमान १० होते. मात्र बाण वळून दुसऱ्या ओळीत व दुसऱ्या खणात गेला, तर अंक पुन्हा येऊ शकतो. तेथे हा हिशेब लावू नका.

पुष्कळजण मात्र अंदाजपंचे अंक भरतात, अडले की खोडतात. चौकट बरोबर भरली म्हणजे झाले, असे त्यांना वाटते. मला हे मान्य नाही. एक उत्तर सापडणे आणि दुसरे उत्तर असूच शकत नाही हे पटवणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत. पहिली गोष्ट नशिबानेही साधते. दुसरीला कारणच लागते. भरलेली चौकट तर संगणकही क्षणात देतो. तुम्ही कोडे सोडवायचे ते तुमची विचारशक्ती वाढावी म्हणून.

शिक्षकांनाही एक विनंती. वर्गात असे कोडे द्याल तेव्हा भरलेल्या चौकटीला गुण देऊ नका. ‘येथे ७ का? ८ का नाही?’ असे विचारा. ज्याची चौकट अर्धीच भरली, पण प्रत्येक अंकामागे कारण आहे, तो विद्यार्थी गणित शिकला असे समजा.

आता तुमच्यासाठी एक प्रश्न. एका ओळीत सलग चार घरे आहेत. एका टोकाचा अंक बाकी तिघांच्या बेरजेएवढा आहे. पण टोक कोणते, ते सांगितलेले नाही. डाव्या टोकाला ५ आहे. तर बेरीज कोणत्या टोकाला, आणि उरलेल्या तीन घरांत कोणते अंक येतील? पेन्सिल उचलण्यापूर्वी मोजा. खोडरबर लागणार नाही!