विदर्भाची सहल : यादी लांब, सुटी आखूड

सुटीत विदर्भ पाहण्याचा बेत करणारी कुटुंबे प्रथम प्रसिद्ध स्थळांची यादी करतात. अकरा जिल्ह्यांच्या या प्रदेशात चिखलदरा उत्तरेला सातपुड्यात, तर ताडोबा दक्षिणेकडे चंद्रपूर जिल्ह्यात आहे. दोन्ही एकाच फेरीत साधू पाहणाऱ्यांची बरीचशी सुटी गाडीतच सरते.

समुद्रपूर तालुक्यातील जाम येथे नागपूरहून येणाऱ्या महामार्गाला दोन वाटा फुटतात. एक हैदराबादकडे, दुसरी चंद्रपूरकडे. ताडोबाचे बहुतेक प्रवासी येथून थेट पुढे जातात. वास्तविक याच तालुक्यात गिरडच्या टेकडीवर बाबा फरीद यांचा दर्गा आहे. तेथे हिंदू-मुस्लिम दोन्ही भाविक येतात. वर्ध्याजवळ गांधीजींचे सेवाग्राम व विनोबांचे पवनार, तर सेलू तालुक्यात २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळालेले बोर अभयारण्य आहे. वर्ध्याला मुक्काम ठेवल्यास ही सारी स्थळे रोज सामान न हलवता पाहता येतात.

प्रश्न ऋतूचाही आहे. मे महिन्यात पाणवठ्यावर वाघ दिसण्याची शक्यता अधिक. मात्र पारा ४५ अंशांच्या घरात जातो. लहान मुले व वृद्ध बरोबर असतील, तर दिवाळीची सुटीच सोयीची. शिवाय प्रवासी मुक्कामी राहिला, तरच त्याचा पैसा स्थानिकांच्या हाती पडतो. पर्यटनवाढीची भाषा करणाऱ्यांनीही हे ध्यानी घ्यावे.