डब्यातली ताकद आणि शरीराचा हिशेब

दिल्लीच्या सरोजिनी नगरच्या बाजारात घासाघीस केल्याशिवाय कोणी साधा कुडताही घेत नाही. कापड उजेडात धरून पाहायचे, शिवण तपासायची, मगच पाकिटाला हात. मात्र घरातला तरुण मुलगा ‘नायट्रिक ऑक्साइड वाढवा, पौरुष वाढवा’ अशा जाहिरातीला भुलून महागडी पावडर आणतो, तेव्हा त्याला कुणी एक प्रश्नही विचारत नाही.

नायट्रिक ऑक्साइड हा वायू शरीर स्वतःच तयार करते. तो रक्तवाहिन्या सैल करतो. हे कार्य उलगडल्याबद्दल फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद या अमेरिकी शास्त्रज्ञांना १९९८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पण रक्तवाहिनीला जे मानवते, ते प्रत्येक पेशीला मानवेलच असे नाही. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक वृषणातील लायडिग पेशी तयार करतात. फ्रान्झ लायडिग या जर्मन शास्त्रज्ञाने १८५० साली त्यांचे वर्णन केले. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी रक्तावाटे हुकूम सोडते आणि या पेशी कोलेस्टेरॉलपासून टेस्टोस्टेरॉन बनवतात. उंदरांच्या पेशींवरील प्रयोगांत दिसले, की नायट्रिक ऑक्साइड अल्प असताना या कामाला हातभार लागू शकतो. फार झाल्यास मात्र उत्पादन घटते. म्हणजे ‘जितके जास्त तितके चांगले’ हा जाहिरातीचा हिशेब इथे चुकतो.

पावडरीने भागले नाही की काही तरुण टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनकडे वळतात. ते अधिक घातक. संप्रेरक बाहेरून मिळू लागले की पीयूषिका हुकूम सोडणे थांबवते. वृषणे आक्रसतात, शुक्राणू घटतात, कधी जवळजवळ नाहीसे होतात. दंड भरतात, पण लग्नानंतर पाळणा हलत नाही आणि बोल लागतो सुनेला! इंजेक्शन थांबवल्यावर बहुतेकांची स्थिती सुधारते. पण त्याला कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो.

सरोजिनी नगरपासून सफदरजंग रुग्णालय आणि १९५६ साली स्थापन झालेली ‘एम्स’ फार दूर नाहीत. अशक्तपणा वाटत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जावे. टेस्टोस्टेरॉनची रक्ततपासणी सकाळी करतात. मूल होत नसेल तर पतीपत्नी दोघांनीही तपासून घ्यावे. वीर्यतपासणी साधी असते, तिची लाज कसली? आणि कोणती पावडर, कोणते इंजेक्शन घेतले, हे डॉक्टरांपासून मुळीच लपवू नये.