आवाज ट्रॅक्टरचा, खर्च आपला



जोतिबाची चैत्र यात्रा कोरडवाहू शेतकऱ्याच्या थोड्याफार सवडीत येते. कापूस घरातून गेलेला असतो, रब्बी ज्वारीची मळणी उरकलेली असते आणि रान नांगरटीला मोकळं असतं. पार मराठवाड्यातून माणसं सासनकाठ्या घेऊन वाडी रत्नागिरीला येतात. जवळपासच्या गावांचे ट्रॅक्टरही केर्ली फाट्यावरून घाटाला लागतात. त्यात वीस-पंचवीस वर्षांचे जुने गडी असतात, मागे ट्रॉलीत शिधा आणि सामान. (ट्रॉलीत माणसं बसवणं कायद्यात बसत नाही, आणि घाटात तर ते अकलेतही बसत नाही.)

घाटाच्या मध्यावर ट्रॅक्टरातून आवाज येतो. कण्हल्यासारखा, बारीक, लांबट. वर सपाटीला गाडी उभी केली की आवाज गायब. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीच्या दारात नेली तरी गायब. दवाखान्याच्या पायरीवर दाढ दुखायची थांबावी तसं होतं. मिस्त्री म्हणतो, "काही नाही, चालवा." नाहीतर म्हणतो, "इंजिन उघडून बघावं लागेल." पहिल्या सल्ल्यात ट्रॅक्टर ऐन पेरणीत बसतो, दुसऱ्यात आपण बसतो.

आमचं म्हणणं एवढंच, की आवाज कधी येतो आणि कधी जातो हीच त्याची खरी खूण आहे. सतत येणाऱ्या आवाजापेक्षा असा आवाज पकडायला सोपा. फक्त तो ऐकायचं काम मिस्त्रीवर सोडता येत नाही. मिस्त्री तासभर बघतो, आपण वर्षभर त्याच बैठकीवर बसतो.

घाटातलाच आवाज घ्या. पुष्कळ ट्रॅक्टरांत हायड्रॉलिकचा पंप मागच्या हाऊसिंगमधलंच तेल ओढतो. सपाटीला कमी पडलेलं तेलही पंपाच्या तोंडाला पुरतं. चढाला लागलं की तेल एका बाजूला सरकतं, पंप तेलाबरोबर हवा ओढतो आणि कण्हायला लागतो. सपाटीला आला की पुन्हा गप्प. आता यात इंजिनाचा काय संबंध? तेलाची पट्टी सपाट जागेवर पाहायची, कमी असेल तर कंपनीच्या पुस्तकात सांगितलेलंच तेल घालायचं, पंपाची गाळणी धुवायची किंवा बदलायची. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय किंवा हवा मिसळलीय. डबाभर तेल आणि एक गाळणी, एवढ्यावर भागणारं काम इंजिन उघडण्यापर्यंत जातं, कारण आवाज "चढावर येतो" एवढंच आपण सांगितलं आणि ते ऐकणाऱ्याला "ओढताना येतो" असं ऐकू आलं.

चढ आणि ओढ वेगळी करून पाहता येते. घरी आल्यावर तोच ट्रॅक्टर सपाट रानात नांगराला जुंपा. ओढीला तसाच कण्हला तर दुखणं वेगळं. नांगर ओढताना गप्प आणि नांगर नुसता उचलून धरला की कण्हतो, तर पंपच.

दुसरी परीक्षा क्लचची. गाडी सपाटीला उभी, गिअर न्यूट्रल, इंजिन चालू. पायडल दाबल्यावर आवाज सुरू होतो, तर बहुधा रिलीज बेअरिंग. पायडल सोडलेलं असताना येतो आणि दाबल्यावर जातो, तर गिअरबॉक्समधल्या शाफ्टचं बेअरिंग. दोन्ही कामांना ट्रॅक्टर मधून तोडावा लागतो हे खरं, पण काय बदलायचंय ते ठाऊक असून तोडणं आणि शोधायला तोडणं यात बिलाचा फार फरक पडतो.

चालताना येणारा आवाज इंजिनाचा की चाकाचा? मोकळ्या सपाट रस्त्यावर गाडीचा वेग तोच ठेवून गिअर बदला, एकदा खालच्या गिअरला ॲक्सिलेटर जास्त, एकदा वरच्या गिअरला कमी. इंजिनाबरोबर ठेका बदलला तर दोष पुढे. ठेका चाकाबरोबरच राहिला तर दोष मागे, नाहीतर पुढच्या चाकाच्या हबमध्ये. फक्त वळणावरच कडकड येते, तर संशय डिफरेन्शियलच्या आतल्या छोट्या गिअरांवर. घाट चढताना एक आवाज आणि उतरताना वेगळा, तर क्राऊन-पिनियन आणि त्याची बेअरिंगं पाहायला सांगा.

इंजिनाचे आवाज पुष्कळ आहेत. थंडीत सकाळी ठोकतो आणि तापल्यावर शांत होतो, तर पिस्टन-लायनर झिजलेत. हंगाम निघू शकतो. टकटक हलकी आणि वरून येते, तर टॅपेटची फट मोजा. एखादं नोझल खराब असलं तरी ठोका येतो. मिस्त्री एकेका सिलेंडरच्या पाइपचा नट जरा सैल करून पाहतो. ज्याला आवाज बदलला ते सिलेंडर दोषी. हे मिस्त्रीलाच करू द्या. दाबाखालच्या डिझेलची बारीक धार कातडीत घुसते, आणि वरून जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठावा लागतो. खालून जड धडधड येत असेल आणि ऑईलच्या दाबाचा काटा पडत असेल, तर मात्र "घरापर्यंत नेऊ" म्हणू नका. तिथंच बंद करा. शेल बेअरिंगवर भागणारं काम क्रँकवर जातं ते त्या शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये.

लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक भागाला आणि मूठ कानाला लावली की आवाजाची जागा कळते. ही युक्ती सगळ्यांना ठाऊक आहे. गळ्यातला टॉवेल आधी काढून ठेवायचं मात्र सगळे विसरतात, आणि पंखा समोरच फिरत असतो.

बरेच आवाज ट्रॅक्टरचे नसतातच. ट्रॉलीची झिजलेली पिन, सायलेन्सरचा सुटलेला पट्टा, टूलबॉक्समधला पाना. उतारावर धाडकन आवाज येतो तेव्हा आधी पिन आणि हुक पाहा. रस्त्यावर दोन्ही ब्रेक पायडलं जोडपट्टीने एकत्र अडकवलेली हवीत. आणि डिझेल वाचवायला घाटात न्यूट्रल करणाऱ्याला आमच्यापाशी उपदेश नाही, त्याच्या घरच्यांविषयी काळजी आहे.

जुना ट्रॅक्टर फुंकून नवा घ्या, असं सांगणारे भेटतीलच. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, हे त्यांच्या तोंडी असतं. त्याच दिवशी ट्रॅक्टरच्या टायरवरचा आणि कित्येक सुट्या भागांवरचा कर १८ वरून ५ वर आला, ते कोणी सांगत नाही. वर्षातले थोडेच दिवस चालणाऱ्या कोरडवाहू ट्रॅक्टरच्या डोक्यावर हप्ता मात्र बाराही महिने चालतो. एचएमटीने १९७१ साली पिंजोरला झेटॉरच्या जोडीने ट्रॅक्टर काढायला सुरुवात केली; २०१६ साली केंद्र सरकारने तो विभाग बंद करायचं ठरवलं. कारखाना गेला, ट्रॅक्टर रानात अजून आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर बुश कातून देणारे कारागीर आहेत, तसे आपल्या जिल्ह्याच्या गावीही सापडतात. त्यांना नेमका भाग सांगता आला पाहिजे.

तेव्हा बैठकीवर एक वही ठेवा. आवाज आला की तारीख, गिअर, चढ की उतार, ओझं, गार की तापलेला, क्लच दाबल्यावर काय झालं, एवढं लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहा. हे वैशाखातच उरका. मृगाचा पाऊस झाल्यावर वाफसा मिस्त्रीच्या सवडीची वाट पाहत नाही. वही मिस्त्रीपुढे ठेवा आणि त्याला शेजारी नुसतं उभं करू नका, आवाज जिथं येतो तिथं घेऊन जा. काम झाल्यावर काढलेला जुना भाग मागून घ्या आणि तो कुठं झिजलाय ते त्याच्याकडूनच दाखवून घ्या.