अधिक एक म्हणजे किती पुढं?

उचगाव, सरनोबतवाडी, उजळाईवाडी हा सगळा पट्टा मशीनवर काम करणाऱ्या माणसांचा. बाप शिरोलीत नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, आणि पोरगं किंवा पोरगी आता केआयटीत किंवा शहरातल्या एखाद्या कॉलेजात कॉम्प्युटरला. ऑपरेटिंग सिस्टीमचा विषय लागला की यातली बरीच पोरं एकाच ठिकाणी अडतात: मेमरी सांभाळणाऱ्या कोडमधला पॉइंटरचा हिशेब. हे आवाहन त्यांना, आणि थोडं त्यांच्या घरच्यांनाही.

पोरांनो, प्रोग्राम कोसळला की लगेच कोडमध्ये हात घालू नका. कागद घ्या, पत्ते मांडा आणि प्रत्येक बेरजेपुढं एकक लिहा. हे अधिक एक म्हणजे एक बाइट, एक घटक, की एक अख्खं पान?

सी भाषेत पॉइंटरमध्ये एक मिळवला की पत्ता एकानंच वाढेल असं नाही. तो ज्या प्रकाराच्या वस्तूकडं बोट दाखवतो, तिच्या आकारानं वाढतो. कॅरेक्टर असेल तर एक बाइट, इंटिजर असेल तर आजच्या मशीनवर चार. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ समोर ठेवून टर्बो सीवर शिकलेल्या पिढीचा इंटिजर दोन बाइटांचा होता, तेव्हा थोरल्या भावाच्या नोट्समधले आकडे पाठ करू नका; साइझऑफ छापून बघा. एका अ‍ॅरेतल्या दोन पॉइंटरांची वजाबाकी केली तरी उत्तर घटकांत येतं, बाइटांत नाही. व्हॉइड पॉइंटरमध्ये बेरीज करायला तर सीच्या प्रमाणात मुभाच नाही, पण जीसीसी एक बाइट धरून मुकाट्यानं पुढं जातो.

घरात सीएनसी चालवणारं कुणी असेल तर त्याला हे दोन मिनिटांत कळेल. जी९१ लागलेला असताना एक्स १०० म्हणजे शंभरवर जा नव्हे, आहे तिथून आणखी शंभर सरक. जी२० राहून गेला तर तोच आकडा इंचात. फरक एवढाच, की तिथं टूल जॉबमध्ये घुसल्याचा आवाज येतो.

मेमरीत तो येत नाही. एमआयटीची एक्सव्ही६ ही शिकवण्यासाठी लिहिलेली छोटी ऑपरेटिंग सिस्टीम आहे. तिच्या केअलॉक फाइलमध्ये सुरुवातीला मोकळी मेमरी ४०९६ बाइटांच्या पानापानानं यादीत टाकतात. तिथला फिरता पॉइंटर कॅरेक्टरचा आहे, म्हणून अधिक ४०९६ म्हणजे बरोबर पुढचं पान. तो यादीच्या ‘रन’ या स्ट्रक्चरचा केला, तर त्या स्ट्रक्चरचा आकार ८ बाइट, आणि तीच बेरीज ३२,७६८ बाइट पुढं उडी मारते. आठातलं एकच पान यादीत लागतं. तिथले कास्टही त्याच प्रकाराचे करून टाकले की कंपायलर गप्प. उडी पानाच्या सीमेवरच पडत असल्यामुळं पान यादीत टाकणाऱ्या केफ्रीमधली तपासणीही अडवत नाही. सिस्टीम सुरू होते, एलएस चालतं, सगळं झकास. १२८ एमबीतली जेमतेम १६ एमबी हाताशी उरलीय, हे एखादा मोठा प्रोग्राम मेमरी मागेपर्यंत समजत नाही. आणि मग बिचारं पोरगं त्या मोठ्या प्रोग्राममध्येच चूक शोधत बसतं.

या कोडमध्ये जिथं कोसळतं तिथं चूक असेलच असं नाही, हे मनात पक्कं ठेवा. खुणा मात्र असतात. एक्सव्ही६ मोकळं केलेलं पान ०१ या बाइटनं भरून ठेवते आणि नवीन दिलेलं पान ०५ नं. पॉइंटरमध्ये ०५०५०५०५ दिसलं तर पान घेतलंय पण त्यात काही भरायच्या आधीच वाचलंय. ०१०१०१०१ दिसलं तर सोडून दिलेल्या पानावर अजून कुणीतरी बसलंय. पानाची सुरुवात म्हणवणाऱ्या पत्त्याचे हेक्समधले शेवटचे तीन अंक शून्य नसतील तर ती सुरुवात नव्हे. बिघडलेला पत्ता सापडला की जीडीबीत त्याच्यावर वॉचपॉइंट लावा; तिथं कोण लिहून गेलं ते रंगेहाथ सापडतं. लिनक्सच्या कर्नलमध्ये हीच राखण करायला २०१५ पासून केसॅन आहे.

एक अधिक करून बघ, चालेना तर एक वजा करून बघ, हा उद्योग मात्र बंद करा. त्यानं कधीकधी प्रोग्राम चालतो, हीच त्यातली वाईट गोष्ट. एआयला विचारायला माझी ना नाही, पण त्यानं दिलेल्या ओळीपुढंही एकक तुम्हीच लिहा.

आता घरच्यांना. असल्या हिशेबाचं जगात काय अडतं, असं वाटत असेल तर १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा प्रोग्रामसाठी आलेल्या अपडेटात २१ रकाने धरलेले होते, प्रोग्रामच्या हाती होते २०. एकविसावा वाचायला तो विंडोजच्या गाभ्यात बसून नसलेल्या जागी गेला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं ८५ लाख कॉम्प्युटर निळे पडले. आपल्याकडं विमानतळांवर हातानं बोर्डिंग पास लिहून द्यावे लागले. तेव्हा पोरगं स्क्रीन सोडून तासभर कागदावर चौकटी काढत बसलं तर त्याला हाक मारून उठवू नका, ते कामच करतंय.

आणि या अभ्यासाला महागडा लॅपटॉप लागत नाही. जुन्या, ४ जीबीच्या मशीनवर लिनक्स टाकलं, वर क्यूईएमयू घेतलं की एक्सव्ही६ आरामात चालते, आणि हे सगळं फुकट मिळतं. ‘कॉम्प्युटरला आहे ना, मग ग्राफिक्स कार्ड पाहिजेच’ असं दुकानदार सांगायला लागला, तर निदान या विषयासाठी तरी सरळ नको म्हणा.